तीन फायदे विचारणारे इनास मास्तर

आमच्या आरोंद्यात कुणाच्या घरावर माड पडला की सगळे धावतात आणि इनास मास्तर मागून सावकाश येतात. छपराला पडलेलं भोक मान वर करून नीट बघतात आणि घरधन्याला विचारतात, "आता ह्याचे तीन फायदे सांग बघया."

प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन मास्तरांना बरीच वर्षं झाली, पण सगळं गाव अजून चौथीतच आहे असं ते धरून चालतात. एक फायदा सांगितला की "आणि?" दोन सांगितले तरी "आणि?" माझी स्कूटर खाडीत गेली तेव्हा मी काठावर ओलाचिंब उभा होतो. तेव्हा फायदे त्यांनीच सांगितले, "आता चलशीत. पोट कमी होयत. आणि आमी रस्त्यार निर्धास्त फिरतलंव."

मी त्यांचा शेजारी, आणि जन्माचा भित्रा. पाल पडली तरी माझी झोप जाते. गेल्या वर्षी तर माझ्या गळ्यात गाठच निघाली. गोव्याच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बायकोला घर सोडता येईना. मास्तर पिशवी घेऊन दारात आले. "मी येतंय."

मला दोन गोष्टींची धास्ती वाटली. एक सुरीची, दुसरी फायद्यांची. पण गाडीत मास्तर अवाक्षर बोलले नाहीत. आरोंद्याहून इस्पितळापर्यंत नुसते खिडकीबाहेर बघत होते. मग मला खरी भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी ह्यांना गुपचूप काही कळवलंय, आणि ते एवढं वाईट आहे की ह्यांनासुद्धा त्यात एक फायदा सापडत नाही, अशी माझी खात्री झाली.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घातला. पाय गार पडले होते. मी विचारलं, "मास्तरांनू, डॉक्टर तुमका काय बोलले? फायदे कित्याक विचारणत नाय?"

"डॉक्टर कायएक बोलूक नाय," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. "रोझिनाक ह्याच इस्पितळात आणलेलंय. गाडीत ती म्हणाली, माका भीती वाटता. मी तिका फायदे सांगत रवलंय. दोन सांगून झाले आणि ती गप झाली. मगे काय बोललीच नाय."

रोझिना म्हणजे त्यांची बायको. ती परत आली नाही, एवढंच मला माहीत होतं.

त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "तुका कसली भीती वाटता ती सांग. सगळी सांग."

मी सांगितली. जाग आली नाही तर. आवाज गेला तर. आई माझ्याआधी गेली तर, आणि मी आईआधी गेलो तर. झग्याची नाडी मागून सुटली आणि नर्स हसली तर. मास्तर एकेका गोष्टीला मान डोलवत होते, जणू मी धडा वाचून दाखवत होतो. नाडी त्यांनी उठून घट्ट बांधली. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा माझे पाय जरा उबदार झाले होते.

"आणि तुमका?" मी विचारलं. "तुमका कसली भीती वाटता?"

स्ट्रेचर दारात आलं होतं. मास्तर हळूच म्हणाले, "सांजवेळी घराचा कुलूप उघडूची."

गाठ साधी निघाली. आवाज महिनाभर घोगरा होता. त्या महिन्यात आई मला ओरडायची थांबली आणि मी निवांत बसून रेडिओ ऐकला. हे दोन फायदे माझे मलाच सापडले, कुणी विचारलं नव्हतं.

आता संध्याकाळी मास्तर तिठ्यावरून परत यायच्या सुमारास मी त्यांच्या फाटकाशी उभा असतो. ते किल्ली माझ्या हातात देतात. मी कुलूप काढतो, आधी आत जातो, दिवा लावतो. मग ते चपला काढतात.