बठ्ठे नावाचा इसम

आमच्या गल्लीत सुखानं रडायची सोय नव्हती. कोणी नुसतं "माझं नशीबच फुटकं" म्हणायचा अवकाश, की शेजारच्या ओट्यावरून आबांचा खणखणीत आवाज यायचा, "पुरावा कोठे शे?"

आबा कोर्टातले रिटायर्ड बेलिफ. उभी हयात समन्स नि हुकूम घेऊन दारोदार फिरण्यात गेली, आणि उरलेला वेळ कोर्टाच्या बाकावर बसून वकिलांची उलटतपासणी ऐकण्यात. बायको गेल्यावर त्यांनी धुळ्याला आमच्या शेजारी खोली घेतली नि ओट्यावरच कोर्ट मांडलं. फी नाही, तारीख नाही, पण सुटकाही नाही!

त्यांचा खरा राग एका शब्दावर. बठ्ठा. आम्ही खानदेशी लोक 'सगळा'ला बठ्ठा म्हणतो आणि उठता-बसता म्हणतो. बठ्ठा सत्यानास झाला, बठ्ठे लोक मेले तसलेच, बठ्ठं संपलं. हा शब्द कानी पडला की आबा चष्मा कपाळावर चढवायचे. "बठ्ठे म्हणजे कोण? नाव सांगा, पत्ता सांगा. बठ्ठे नावाचा इसम मला उभ्या नोकरीत भेटला नाही. त्याच्या नावाचं समन्ससुद्धा निघत नाही!"

आमचे हे एकदा कचेरीतून तोंड पाडून आले. म्हणे, साहेबांची माझ्यावर खप्पा मर्जी झालीय, आता बदली पक्की. आबा चहाच्या वासावर आलेच.

"साहेब काय बोलले?"

"काही नाही. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत."

"बाकीच्यांकडे बघून हसले?"

"नाही."

"बाकीच्यांशी बोलले?"

"कोणाशीच नाही. गालाला रुमाल लावून बसले होते."

"गाल सुजला होता?"

दुसऱ्या दिवशी कळलं, साहेबांची दाढ काढली होती. आणि मी इकडे देवाला नारळ बोलून बसलेली!

माझी पाळी आली उन्हाळ्यात. गच्चीवर बिबडे घातले होते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ धोतरावर पसरून करतात ते मोठाले पापड. नेमके सोडवताना तुकडे झाले. मी डोक्याला हात लावून बसले. "मला मेलीला काही म्हणजे काही जमत नाही. बठ्ठ्या बाया हसल्या!"

"नावं?" खालून आवाज आला.

"पलीकडची कमलअक्का."

"पुढे?"

"कमलअक्का पुरे नाही का? चार जणींचं एकटी हसते ती!"

"ती तर भजनातही हसते. साक्षीदार बाद. मुद्देमाल हजर करा."

मुद्देमाल तळून हजर केला. आबांनी तो उजेडात धरला, हुंगला आणि सगळा खाल्ला. मग निकाल दिला, "आकार गेला, चव शे. काहीच जमत नाही हा आरोप टिकत नाही." पुढे गल्लीत कुणाचं काहीही बिघडलं की मुद्देमाल आबांकडेच जायचा. म्हातारा लबाड होता, पण त्याच्याशी बोलून हलकं वाटायचं हे खरं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्याकडे लेकी एक वेळ दिवाळीला येणार नाहीत, पण आखाजीला माहेरी येणार म्हणजे येणारच, आणि भाऊ मुराळी होऊन त्यांना आणायला जातो. घरोघर झोके बांधले गेले. आबांचा ओटा मात्र रिकामा. मी सांजोऱ्या घेऊन गेले, तर आबा आत भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"आबा, तुम्हाला बहीण नाही का हो कोणी?"

"शे. वच्छी. पिंपळनेरला."

मग हळूहळू बाहेर आलं. तिकडे नोकरीला असताना एक घर खाली करून घ्यायचा हुकूम त्यांच्या हाती पडला होता. घरात भाड्यानं राहत होती वच्छीच. हुकूम तो हुकूम. बहिणीची भांडी आबांनी स्वतः उचलून रस्त्यावर ठेवली. त्यानंतर ते मुराळी होऊन कधी गेले नाहीत.

"कसा जाऊ? बठ्ठं पिंपळनेर मन्हा नाववर थुंकस."

मी ताट खाली ठेवलं. असा मोका मी सोडते होय!

"बठ्ठं म्हणजे कोण, आबा? नाव सांगा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. मग म्हणाले, "वच्छी."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती बघत होती."

"म्हणजे साक्षीदाराचा जबाबच झाला नाही, आणि तुम्ही निकाल देऊन मोकळे? पुरावा कोठे शे?"

माझा आवाज चढला होता. एवढ्या शहाण्या माणसाचा मला भारी राग आला.

सकाळी त्यांच्या दाराला कुलूप. कमलअक्का म्हणाली, धुतलेलं धोतर नेसून एसटी स्टँडकडे गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी दारात रिक्षा थांबली. आबा उतरले, मागून पिशवी सांभाळत एक बाई उतरली. मी पाणी घेऊन धावले. वच्छाक्का ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि आबांकडे न बघता मला म्हणाल्या, "घर गयं त्यानं काही नही, बाई. दुसरं भेटनं. पन आखाजीले दादा उना नही. वाट देखी देखी थकनू मी. माले वाटनं, दादानी माले टाकी दिन्हं. मन्हं बठ्ठं माहेर तुटनं."

'बठ्ठं' ऐकल्याबरोबर आबांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. "बठ्ठं म्हणजे..." एवढंच म्हणाले.

नावं विचारायची गरजच नव्हती. आईबाप कधीच गेलेले. वच्छाक्कांचं बठ्ठं माहेर म्हणजे एकच इसम, आणि तो आमच्यासमोर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.