खेडेकर सरांचा थरथरपट्टा

खेडेकर सर रस्त्यात भेटले की नमस्कार करत नाहीत. "पाठ द्या," म्हणतात. आपण भिडेखातर पाठ फिरवली की शर्टावरून बोटं टेकवतात आणि विचारतात, "किती?" आपण एक म्हणालो की त्यांचा चेहरा खुलतो. "चूक. दोन होती. पाठ ढ असते माणसाची. मनगट हुशार." एवढं ज्ञान देऊन ते चालू लागतात. आमच्या पाखाडीवर, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या रस्त्यावर, राहणाऱ्या बहुतेकांच्या पाठी त्यांच्या वहीत नोंदलेल्या आहेत. माझ्या नावापुढे 'अतिमंद' असा शेरा आहे. मी तो स्वतः वाचलाय.

सर तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळत. निवृत्त झाल्यावर इकडे लोक कलमं लावतात, सरांनी थरथरपट्टा काढला. जुन्या मोबाइलमधल्या थरथरणाऱ्या चकत्या काढून पट्ट्यावर शिवायच्या. डावी थरथरली की डावीकडे वळायचं, उजवी थरथरली की उजवीकडे. डोळे गेलेल्या माणसाने तो बांधून एकट्याने फिरावं, अशी कल्पना. वाट खरी मोबाइलने सांगायची, पण मोबाइलच्या नकाशात आमची पाखाडीच नाही. त्याच्या मते आम्ही सगळे समुद्रात राहतो. म्हणून तूर्त सर स्वतःच मागून चालत आणि हातातल्या डबीवरचं बटण दाबत.

"सर, हल्ली मोबाइल बोलून रस्ता सांगतो की," मी एकदा अक्कल पाजळली.

"अरे विनायक, दिसत नाही त्याचे कानच वाट बघतात. तेही तू बडबडीने भरलेस तर मागची रिक्षा कशाने ऐकायची? कान रस्त्याला ठेव, कातडी मला दे."

डोळे गेलेलं माणूस त्यांच्या घरातच होतं. सरांना मूलबाळ नाही. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, नजर मधुमेहाने गेली. त्यांचं मागणं एवढंच, की पाखाडीच्या तळाशी राहणाऱ्या शेवंताबाईंकडे संध्याकाळी एकटीने जाता यावं, सोबत कुणी नको.

पट्टा तेव्हा दोन्ही घोट्यांना होता. पहिल्याच दिवशी डावा थरथरला आणि काकू ढिम्म हलेनात.

"डावीकडे वळ गो," सर म्हणाले.

"डावं-उजवं जेवणाच्या पानात. रस्त्याला वर नि खाल असतं. खाल म्हणजे दर्याकडे. ता सांगा."

सहा महिने डावं-उजवं शिवत बसलेल्या सरांनी बायकोला एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री सगळे टाके उसवले. घोट्याला 'खाल', गुडघ्याला 'वर' असं ठरलं.

पण पट्टा एका जागी टिकेना. घोट्यावरून मनगटाला गेला, मनगटावरून कमरेला, कमरेवरून मानेला. आम्हाला भलतीच मजा वाटायची. "दिवाळीपर्यंत टोपीत जाईल," असं मी चारचौघांत म्हणालो होतो. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते. मधुमेह डोळ्यांवर थांबला नव्हता. काकूंच्या पायांची जाण गेली, मग हातांची. जिथे थोडी उरली असेल तिथे सर पट्टा घेऊन पळत होते.

मानेवर मात्र तो चालला. रोज संध्याकाळी काकू पुढे, काठीने पायरी चाचपत. सर मागे, डबी घेऊन. फणसापाशी पाखाडी फुटते, तिथे सर बटण दाबत आणि काकू बरोबर खालच्या वाटेला लागत. मी सरांचं तोंडभर कौतुक केलं. त्यांनी मला पडवीत बसवून डबी उघडून दाखवली. आत सेलच नव्हता.

"दीड महिना झाला काढून. मानेलाही कळत नाही तिला. मला संशय आला म्हणून काढून बघितला. तरी वळते."

"मग कशावर वळतात?"

"माझ्या पावलावर. फणसापाशी मी हळू होत असेन. मला वाईट वाटू नये म्हणून कळल्यासारखी मान हलवते. विचारू काय तिला?"

"पण जातात ना त्या, मग झालं तर," मी म्हणालो.

"काय झालं? मी आहे तोवर पट्टा हवाय कुणाला? मी नसेन तेव्हासाठी होता तो." डॉक्टरांनी सरांच्या हृदयाची आशा सोडली होती, हे मला तेव्हा त्यांनीच सांगितलं.

आपल्यानंतरही काकूंना तेच पाऊल ऐकू यावं म्हणून दुसऱ्या दिवसापासून सर मला स्वतःसारखं चालायला शिकवू लागले. त्यांचा डावा पाय किंचित घासतो, दर चौथ्या पायरीला ते दम खातात. आठ दिवस मी आमच्याच अंगणात पाय घासत फिरलो. माझी बायको म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय.

नवव्या दिवशी सर पडवीत चिडीचूप बसून राहिले आणि काकूंच्या मागे मी निघालो. पायऱ्या ठीक उतरल्या. फणसापाशी मी हळू झालो, अगदी त्यांच्यासारखा. काकू थांबल्या. मी पुन्हा पाय घासला. काकू वळल्या नाहीत, काठी दोन्ही हातांनी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"कोण, विनायक काय?"

"हो, काकू."

"हे बसलेत काय वर?"

"हो."

काकूंनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या दिशेला अंदाजाने पुढे केला. मी तो धरला. थंडगार होता, आणि मी धरलाय हे त्यांना कळलंय की नाही, ते मला सांगता येईना.

"चल, सोड मला शेवंताकडे," काकू म्हणाल्या. "नि वर जाऊन त्यांना सांग, एकटी वळली म्हणून."

मी वर आलो आणि तसं सांगितलं.