बेटवाडी सुगम असल्याचा दाखला

गाव वाटेवर आहे की आडवाटेला, हे त्या गावाला कधीच कळत नसतं. ते जीपला कळतं. पूर्वी लोक आपल्या पायांनी मोजून सांगायचे की अमुक गाव लांब आहे. पण पायांना सरकारदरबारी हुद्दा नाही. म्हणून स्वराज्य आल्यावर शहाण्यासुरत्या माणसांनी बसून एक नियम केला, आणि तो इतका सरळ केला की बेटवाडीच्या, दुसरीतून शाळा सोडलेल्या ठकुबाईलाही एका दमात समजला. जिथे सरकारी जीप पोहोचते ते गाव सुगम, आणि सुगम गावाला पूल लागत नाही. जिथे जीप पोहोचत नाही ते गाव दुर्गम. पण तिथे साहेबच पोहोचत नसल्यामुळे पाहणी होत नाही, आणि पाहणी झाल्याशिवाय पूल मिळत नाही. (तिसरी एक सोय ठेवली होती. जीप जाता-येता मिळून अर्धा तास रुतली, तर गाव ‘दुर्गम, परंतु पाहणीस योग्य’. सरकारला काळीज नसतं म्हणणाऱ्यांनी हा कंस दोनदा वाचावा.)

मोशीच्या वरच्या अंगाला इंद्रायणी दोन फाटे फोडते आणि अर्ध्या कोसावर पुन्हा एक होते. नवरा-बायकोच्या भांडणात पोर मध्ये सापडावं तशी मध्ये बेटवाडी सापडली आहे. क्षेत्र दीडशे एकर. उंबरे एकेचाळीस. माणसं दोनशे बारा, पैकी शहाणी दोनशे बारा (प्रत्येकाला विचारून घेतलेली नोंद). रस्ते, निरंक. आषाढापासून भाद्रपदापर्यंत गाव जगापासून तुटतं, असं जग म्हणतं. गावाचं म्हणणं, जगच तुटतं, आम्ही आहोत तिथंच आहोत.

यात ठकुबाईला पुलाची घाई होती. तिची धाकटी इंदू दापोडीला दिलेली, आणि तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. दिवस भरायचे होते श्रावणात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे काही कायद्यात लिहिलेलं नाही. कायद्यात लिहिलेलं लोक मोडतात, हे मोडत नाहीत. पण इंदूची सासू रुक्मिणीबाई, म्हणजे ठकुबाईची विहीण, रेल्वेच्या रुळांशेजारी राहून इंजिनासारखी बोलायला शिकली होती.

“माझी सून काय मासोळी हाय का, श्रावणात पुरातनं पाठवायला? पूल करा आन् खुशाल न्या. न्हाईतर बाळंतपण हितंच.”

“दोन खणांच्या खोलीत?” ठकुबाई म्हणाली. “भाईर गाडी शिट्टी मारणार, आत तुमी. पोर जन्मायच्या आधीच भिऊन माघारी फिरंल.”

बोलून आली खरी, पण घरी येऊन तिला भाकर गोड लागेना. लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं म्हणजे माहेर असून मेलं. आणि नेमका त्याच वर्षी लष्कराच्या डेपोत लढाईतला एक लोखंडी पूल सुटा करून ठेवलेला होता. आठ दिवसांत जोडून होणारा. तो तालुक्यातल्या एकाच दुर्गम गावाला मिळणार होता. चैत्रात सरकारी पत्र आलं: “पाहणी-साहेब सकुटुंब येतील. सोबतच्या तक्त्यात गावची प्रेक्षणीय स्थळे भरून पाठवावीत.”

गावात प्रेक्षणीय असं काही नव्हतं. पण सरकारी रकाना रिकामा ठेवणं म्हणजे सवाष्णीनं कपाळ रिकामं ठेवणं. तेव्हा हे काम पेन्शनर हवालदार चिमाजीकडे आलं. चिमाजी लढाईत सिलोनला साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होता. ते बेट साहेब लोकांना एका दिवसात कसं दाखवतात, याचं त्याला पक्कं ज्ञान होतं: सकाळी निघायचं, रस्ता मुद्दाम सोडायचा, आदळत-आपटत फिरायचं, आणि जे दिसेल त्याला नाव द्यायचं.

“आत्याबाई, रस्ता सोडायला साहेबलोक वर पैसं मोजायचं,” चिमाजी म्हणाला.

“मग आपलं गाव लई महाग पडंल,” ठकुबाई म्हणाली. “आपल्याकडं सोडायलाबी रस्ता न्हाई.”

दोघांनी मिळून तक्ता भरला तो असा. एक, माडबन (झाडसंख्या एक, ठकुबाईच्या परड्यात, बावीस वर्षांत फळ नाही, म्हणून चिंचवडच्या बाजारातून सात नारळ आणून सुतळीने बांधले). दोन, धबधबा (विहिरीची मोट फुटकी होती, बैल चालले की पडतो). तीन, शिखर (गावचा उकिरडा, बेटावरचा सर्वांत उंच भाग, वरून आळंदीच्या दिशेचं आकाश दिसतं). चार, वन्य पशू (गेनबाची म्हैस, स्वभावावरून). पाच, प्राचीन पाऊलखूण. ती कोणाची यावर एकमत झालं नाही, म्हणून ती प्राचीन.

नदी ओलांडायच्या उताराच्या बंदोबस्ताला मात्र ठकुबाईने स्वतः कासोटा खोचला. पाणी गुडघाभर, तळ खडकाळ. जीप एका दमात पार होण्याचा धोका होता. दोन दिवस सगळ्या गावाने पाट्यांनी गाळ आणून उतारात ओतला. ‘चिखल असा पाहिजे की जीप बसली पाहिजे, पण साहेब भिजता कामा नये’ या बेताने तिने स्वतः पाय घालून घालून बघितलं. जगात रस्ते दुरुस्त करणारी गावं पुष्कळ असतील. रस्ता इतका मन लावून बिघडवणारं गाव बेटवाडीच.

ठरल्या दिवशी जीप आली. पुढे साहेब, शेजारी बाईसाहेब, मागे घड्याळ आणि तक्ता घेऊन मुरारी कारकून. जीप उतारात शिरली, घरघरली, आणि चाकं अशी बसली की जणू पाटावर जेवायला बसली. काठावर दोनशे बारा माणसांनी मनातल्या मनात गुलाल उधळला. मुरारीने घड्याळ बघून लिहिलं: रुतली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेब रुमालाने मान पुसत होते. ठकुबाई दोन पावलं पाण्याकडे सरकली.

“पाहुणा पाण्यात आन् आपण काठावर हुबं,” ती पुटपुटली.

“अर्धा तास, आत्याबाई,” चिमाजी दातांतल्या दातांत म्हणाला. “पूल हाय. इंदू हाय. गप ऱ्हावा.”

पाचव्या मिनिटाला बाईसाहेबांनी हात जोडून काठाकडे पाहिलं. बास. ठकुबाई ओरडली, “अरं, मुडदं बशिवलं तुमचं, बगताय काय! बैल आणा!” चार बैलजोड्या आणि चाळीस माणसं लागली. मुरारीने लिहिलं: आठ मिनिटे. मग माणूस भला म्हणून तो हळूच म्हणाला, “आजी, परतीला बावीस मिनिटं रुतली तरी बेरीज होते. फक्त हात लावू नका.”

“आता हात बांधून ठेवते,” ठकुबाई म्हणाली, आणि मार्गदर्शक म्हणून जीपमध्ये चढली. जन्मात पहिल्यांदा.

यापुढची दीड तासाची हकिगत अधिकृत अहवालात ‘पाहणी समाधानकारक’ एवढीच आहे, म्हणून ती इथे देणं भाग आहे. जीप बांधावर चढली की ठकुबाई टपाला टेके, आणि बांध उतरली की साहेबांच्या खांद्यावर येई. पहिल्या उसळीला तिने खंडोबाचं नाव घेतलं, दुसऱ्या उसळीला सासऱ्याचं, तिसरीला काहीच नाही. तिसरीला ती हसली. चौथीपासून ती ड्रायव्हरला सांगायला लागली, “त्या खड्ड्यातनं घे रं! न्हाई, डावीकडचा! त्यो जास्त खोल हाय!” माडबनात एक नारळ सुतळीसकट साहेबांच्या टोपीवर आला, चिमाजीने तिथल्या तिथे खुलासा केला की इथली जात देठाऐवजी दोऱ्यालाच धरते. धबधबा पाहताना बैल थांबले, तर धबधबाही थांबला, आणि बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. शिखरावर जीप अर्ध्यापर्यंत गेली आणि शिखर खाली आलं. वन्य पशूने जीपचा पाव मैल पाठलाग केला; गेनबा मागून ओरडत होता की ती गाभण आहे, तिला पळवू नका. कोंबड्या, पोरं, वैरणीचा भारा, मुरारीचा दौत-टाक, सगळं हवेत. कडेवरच्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत गाव जीपमागे धावत होतं. पाऊलखुणेवरून जीप गेल्यामुळे ती आणखी प्राचीन झाली.

“अजून एक फेरी!” असं कोण म्हणालं याची नोंद दोन प्रकारे आहे. साहेब म्हणतात, ती आजी. ठकुबाई म्हणते, असलं काय बोलायला मी काय लहान हाय? (फेरी झाली.)

परतीला जीप उतारात पुन्हा अगदी कायदेशीर रुतली. आता मात्र गाव घट्ट होतं. ठकुबाई पदराचा बोळा तोंडात धरून दगडावर बसली. पाच मिनिटं. दहा. साहेब जीपमध्ये उभे. पंधरा. मुरारी बोटांनी आकडे दाखवत होता. वीस. चिमाजीचे ओठ हलायला लागले. तो बहुधा पूल जोडत होता.

तेवढ्यात बाईसाहेब साहेबांना म्हणाल्या, हळूच, पण पाण्यावरून आवाज लांब जातो: “माणसं चांगली आहेत हो. पण कोणासाठी धावून जायचं यांच्या अंगातच नाही.”

ठकुबाई उठली.

“आत्याबाई!” चिमाजी आडवा आला. “एकच मिनिट! फकस्त एक मिनिट!”

“सर बाजूला!” ती म्हणाली. “पूल गेला तर आणिक येईल. बेटवाडीनं पाहुणा बुडवला म्हणून तालुकाभर नाव झालं तर ते कुठल्या पुलावरनं माघारी आणू? लावा रं खांदा!”

दोनशे बारा माणसांनी खांदा लावला. जीप निघाली म्हणणं बरोबर नाही, ती उडाली. मुरारीने डोळे पुसत बेरीज केली: आठ आणि एकवीस, एकोणतीस मिनिटे. आठ दिवसांत दाखला आला. ‘मौजे बेटवाडी हे सुगम असून निसर्गरम्य व सहलीस योग्य आहे. सही. शिक्का.’

पूल दुसऱ्या एका गावाला गेला. तिथे नदी नाही, ओढाही नाही. पण साहेबांची जीप उसाच्या पाटात अडीच तास रुतली, कारण पारावर पत्ते खेळणारा एकही माणूस उठला नाही. आता तो पूल माळावर उभा आहे. खाली शेळ्या बसतात. सावली उत्तम.

ठकुबाईने तीन दिवस येईल त्याच्याकडून दाखला वाचून घेतला. चौथ्या दिवशी तिने दाखला पदरात बांधला आणि दापोडी गाठली.

“पूल कुठाय?” रुक्मिणीबाईने दारातच विचारलं.

“पूल अडचणीच्या गावाला लागतो,” ठकुबाई म्हणाली, आणि शिक्का वर येईल असा कागद ठेवला. “सरकार काय म्हणतंय ते बगा. सुगम. खोटं असंल तर तुमी सरकारला सांगा. मी अडाणी बाई.”

रुक्मिणीबाईचा नवरा सरकारी वर्कशॉपात नोकरीला. त्या घरात देवानंतर शिक्का. तिने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि इंदूची लुगडी खुंटीवरून काढायला लागली. इंदूची पिशवी भरली गेली; सून मात्र तिने दिवस भरत आल्यावरच सोडली.

आषाढाच्या शेवटी नदी दोन्ही काठ खात होती. गुऱ्हाळातली गुळाची मोठी काहील पाण्यात सोडली, आठ पोहणारे तिच्या कडेला लागले, आणि मधोमध इंदू बसली, वर छत्री, शेजारी ठकुबाई. मध्यावर काहील गरगर फिरली तेव्हा इंदू किंचाळली, “आई गं, हे सुगम?”

“शिक्का हाय त्यावर,” ठकुबाई म्हणाली. तिने एका हाताने लेकीला आणि दुसऱ्याने काठ इतका घट्ट धरला होता की पलीकडे गेल्यावर तिची बोटं दोघांनी सोडवली. श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी इंदूला मुलगी झाली. रुक्मिणीबाई बारशाला काहिलीतूनच आली. उतरल्यावर अर्धा तास काठावरच्या दगडाला धरून बसली.

पाणी उतरलं तशी दाखल्याची दुसरी ओळ फळाला आली. ‘सहलीस योग्य’ हे पुण्यात कळलं, पिंपरीच्या नव्या वसाहतींत कळलं, आणि दर रविवारी भाड्याच्या जीपा यायला लागल्या. माडबन, धबधबा, शिखर, नंतर ठकुबाईच्या ओट्यावर चहा-भजी, आणि अभिप्रायाची वही. पुढच्या चैत्रात गावाने पुलासाठी पुन्हा अर्ज केला, तेव्हा सरकारने ती वही मागवून घेतली, लोकमत पाहिलं आणि अर्ज नामंजूर करून वही परत पाठवली. तीनशे चाळीस सह्या. सगळ्यांचा आशय एक: अशी शांतता आता कुठे राहिली आहे, पूल बांधून या जागेची शोभा घालवू नये.

आता इंदूला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत, आणि भरायचे आहेत पुन्हा श्रावणातच. ठकुबाईला अक्षर फारसं लागत नाही, पण माणूस ती विसरत नाही. ती वहीतल्या एका पानावर बोट ठेवून चिमाजीला म्हणते, हे लिहिणाऱ्याचं वळण लई देखणं हाय, आन् त्यानं भजी दोनदा मागून घेतली होती.

ते तुम्हीच ना?