सेवा नाही, शुल्क नाही

रविवारी सकाळी शुल्कसाहेबांनी आईच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून खाली पाहिलं, तर त्यांची गाडी जागेवर नव्हती. गाडी लावली होती तिथे भोपळ्यांचा ढीग होता. ढिगाला पुढे उतार होता, मध्ये उंचवटा आणि मागे पुन्हा उतार. भोपळे आपण होऊन इतके शिस्तीत बसत नाहीत. साहेबांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. ताडपत्रीच्या कडेखालून एक चाक डोकावत होतं, आणि ते चाक कोरं करकरीत होतं.

"आई, खाली बाजार भरलाय!"

"रविवारी भरतोच की तो. तुझ्या ताईनेच तर सुरू केलाय."

"अगं, माझ्या गाडीवर भरलाय!"

"बघू बघू," म्हणत आईने टीव्हीचा आवाज कमी केला. आईचं आणि बटणांचं जन्माचं वाकडं. म्हणून ताईने तिच्या रिमोटवर कामाच्या तेवढ्या बटणांना लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते. ठिपका नसलेल्या बटणाला आई हात लावत नसे. ठिपका असलेलं मात्र ती बेधडक दाबायची.

झालं होतं ते असं. शहरात कुणालाही रस्त्यावर काही भरवायचं असेल, तर महापालिका आदल्या संध्याकाळी 'इथे गाड्या लावू नयेत' असे फलक लावी, सकाळी अडथळे उभे करी, नंतर रस्ता झाडून घेई, आणि या सगळ्याचं सेवाशुल्क घेई. ते ठरवणं आणि वसूल करणं हे साहेबांचं काम. कचेरीत सगळे त्यांना शुल्कसाहेब म्हणत आणि त्यांनाही त्यात वावगं वाटत नसे. पण ताईच्या बाजारात येणारे शेतकरी छोटे. कुणाचा पालक, कुणाची अंडी, कुणाचा मध. शुल्काचा वाटा द्यायचा, तर गाडीभाड्यालाही काही उरेना. चार जणांनी येणं सोडलं, बाकीचे सोडायच्या बेतात होते. ताईने महापालिकेकडे शुल्कमाफी मागितली. साहेबांनी त्यावर शेरा मारला, "आज भाजीवाल्यांना सूट दिली, तर उद्या कुत्र्यांचं प्रदर्शन भरवणारे दारात उभे राहतील."

तेव्हापासून ताईने भावाशी बोलणं टाकलं होतं. शनिवारी साहेब मुक्कामाला आले की दोघं एकाच टेबलावर जेवत आणि आईमार्फत भांडत.

"आई, त्याला विचार, कुत्र्यांच्या प्रदर्शनातून कुणी पालकाची जुडी घेऊन घरी आलंय का कधी?"

"आई, तिला सांग, झाडूवाले पालकाकडे बघून फुकट झाडत नाहीत."

"आई, त्याला म्हणावं, रोज बागेत फिरायला जातोस, तिथे दारात पैसे मोजतोस का?"

"मेल्यांनो," आई म्हणे, "आता मला निरोप पोचवायचं शुल्क चालू करा."

शेवटी महापौरबाईंनी मधला मार्ग विचारला आणि साहेबांनी तो सुचवला. सेवा नाही, शुल्क नाही. एका रविवारी बाजाराने महापालिकेची कोणतीही सेवा न घेता भरून दाखवावं. जमलं तर शुल्क माफ. गोंधळ झाला तर माफीचा विषय कायमचा बंद. बाई स्वतः पाहायला येणार होत्या आणि सोमवारच्या सभेत निकाल लागणार होता. शुल्क भरून बाजार चालणार नाही हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिचा बाजार राहायचा की मोडायचा, हे त्या एका सकाळवर अवलंबून होतं.

अर्थात शनिवारी संध्याकाळी फलक लागले नाहीत. न लावण्याचा आदेश साहेबांच्याच सहीचा होता. पण साहेबांची वर्षानुवर्षांची सवय अशी, की त्या रस्त्याला वळलं की आधी फलक बघायचा. फलक असला तर गाडी मागच्या गल्लीत, नसला तर घरासमोर. फलक नव्हता. साहेबांनी गाडी घरासमोर लावली आणि नियमाने वागल्याचं समाधान घेऊन जिना चढले. गाडी परवाच घेतलेली. तिची बातमी त्यांनी फक्त आईच्या कानात सांगितली. "ताईला बोलू नकोस. म्हणेल, आमच्याच शुल्कातून घेतली."

आणि आता तिच्यावर भोपळे होते.

साहेब घाईघाईने खाली उतरले. किल्ली वरच टीव्हीपाशी राहिली, पण तिचा उपयोगही नव्हता. पुढे अंडीवाला, मागे मधवाला, दोन्ही बाजूंना पालेभाज्या. गाडी हलवायची तर निम्मा बाजार उठवावा लागला असता. ताई हातात शिट्टी घेऊन उभी होती. साहेबांना पाहून तिने तोंड भोपळेवाल्या मावशींकडे फिरवलं.

"मावशी, साहेबांना सांगा, कुणीतरी मूर्ख माणूस रात्री इथे गाडी लावून गेलाय. हलवता येईना, म्हणून झाकलीये. महापौरबाई यायच्यात. त्यांना दिसली की संपलं आमचं."

मावशींनी निरोप जसाच्या तसा पोचवला. 'मूर्ख' जरा ठासून.

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. अधिकारी म्हणून पाहिलं तर पुरावा आयता समोर होता. सेवेवाचून बाजार नीट भरत नाही, रस्त्यात गाडी अडकते, हेच त्यांचं म्हणणं. ताडपत्री उचलायचा अवकाश, की ते जिंकले. अडचण एवढीच होती, की ताडपत्रीखालून जिंकणारेच निघाले असते.

"असू दे झाकलेली," साहेब म्हणाले. "उगाच... गोंधळ कशाला."

ताईच्या भुवया वर गेल्या. "मावशी, साहेबांना विचारा, तब्येत बरी आहे ना?"

तेवढ्यात मावशींनी एक दांडगा भोपळा धपकन टपावर ठेवला. साहेब पळत वर गेले आणि आईची गोधडी घेऊन आले.

"हे कशाला?" मावशी म्हणाल्या.

"खाली अंथरा. ओरखडे पडतील."

"भोपळ्याला? अहो, त्याची साल बघा केवढी जाड."

"गाडीला हो!"

"पडू देत की. मूर्खाचीच तर आहे."

"मूर्ख असला तरी नागरिक आहे," साहेब म्हणाले आणि प्रत्येक भोपळा दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा उचलून खाली गोधडी सारू लागले.

गोधडीने ओरखड्यांचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. उंचावर मांडलेले भोपळे लांबून दिसत होते आणि माल भराभर खपत होता. प्रत्येक विकल्या गेलेल्या भोपळ्यागणिक वारा ताडपत्री उचलत होता आणि गाडी थोडी थोडी उघडी पडत होती. आधी आरसा दिसला. मग दाराची मूठ. साहेबांनी मूठ पाठीने झाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, "हा घेऊ नका, कोवळा आहे."

"मग तो द्या."

"तो जून आहे."

मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "साहेब, शुल्क घेता ते घेता, आता गिऱ्हाइकंही पळवता होय?"

आता साहेबांपुढे एकच वाट होती. त्यांनी भोपळा स्वतः विकत घेतला आणि होता तिथेच परत ठेवला. मग दुसरा घेतला. मग आरशावरचा. मावशींनी आधी संशयाने पाहिलं, मग त्यांना गंमत वाटू लागली. घेतलेला माल जागेवरून न हलवणारं गिऱ्हाईक त्यांच्या आयुष्यात पहिलंच. साहेबांनी घेतलेला एक भोपळा त्यांनी नजर चुकवून दुसऱ्याला विकलासुद्धा. साहेबांना तो परत घ्यावा लागला.

महापौरबाई आल्या तेव्हा बाजार रंगात होता. दोरी बांधून वाट आखली होती, पोरीबाळी झाडू घेऊन फिरत होत्या, टोपल्यांतला कचरा वेगवेगळा होत होता. बाई पालकापाशी थांबल्या, मध चाखला, अंडीवाल्याशी बोलल्या. ताईच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला. मग बाईंचं लक्ष भोपळ्यांकडे गेलं.

"अरे वा, मांडणी छान आहे हो! हा छोटा द्या मला."

छोटा म्हणजे नेमका समोरच्या दिव्यावरचा.

"बाई, तो विकला गेलाय," साहेब म्हणाले.

"कुणी घेतला?"

"मी."

"मग हा?"

"तोही मीच."

"आणि हे सगळे?"

"घरी पाहुणे यायचेत," साहेबांनी घाम पुसला.

"मग एक मला दिलात तर पाहुणे उपाशी राहायचे नाहीत," म्हणत बाईंनी भोपळा उचलला. आणि त्याच क्षणी ढीग ओरडला.

पों पों पों पों! भोपळा निघाला होता तिथे पिवळा दिवा उघडमीट करू लागला. ताडपत्री थरथरली, मागचे दोन भोपळे गडगडत मधवाल्याकडे निघाले. अंडीवाला टोपलीवर पालथा पडला. बाई भोपळा पोटाशी धरून दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं बाई! याला झालं काय?"

पहिल्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती. हातात साहेबांची किल्ली.

"अरे बबड्या," ती वरून ओरडली, "मला वाटलं टीव्हीचा रिमोट आहे! तुझीच गाडी ओरडतेय का रे ती? नवी आहे ना!"

सगळा बाजार 'बबड्या'कडे पाहू लागला. साहेबांनी ओरडून, हातवारे करून, आईला तेच बटण पुन्हा दाबायला लावलं. गाडी गप्प झाली आणि त्या शांततेत लपायला जागाच उरली नाही. साहेबांनी ताडपत्री बाजूला केली.

"गाडी माझी आहे," ते म्हणाले.

"तुमची?" बाईंनी विचारलं. "बाजाराच्या रस्त्यात?"

"फलक नव्हता."

"फलक का नव्हता?"

"मीच बंद करवला होता."

बाजारात हशा उसळला. बाईही हसल्या, पण त्यांचा पुढचा प्रश्न साधा होता. "मला एक सांगा साहेब. फलक नसल्यामुळे बाजाराचं काय अडलं? बाजार तर भरलाय. अडलात तुम्ही. मग तो फलक आपण लावतो कुणासाठी?"

साहेब हट्टी होते, पण खोटं बोलणारे नव्हते. हिशेबात चूक दिसली की स्वतःची असली तरी खोडायची, ही त्यांची खोडच होती.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "म्हणजे गाडीवाल्यांसाठी."

"मग त्याचे पैसे पालकवाल्याने का द्यायचे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न साहेबांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी मान डोलावली. "उद्याच्या सभेसाठी मला नवा शेरा लिहायला हवा. मी कचेरीत जातो. गाडी राहू दे. भोपळे... भोपळे मावशींनाच परत."

"विकलेला माल परत घेत नाही," मावशी म्हणाल्या.

सोमवारी सभेत जो शेरा वाचला गेला, तो साहेबांच्या इतर शेऱ्यांसारखाच कोरडा होता. स्वतः पिकवलेला माल स्वतः विकणाऱ्यांचा बाजार असेल, आणि रस्ता ते स्वतः झाडत असतील, तर फलक आणि अडथळे रस्ता वापरणाऱ्या सगळ्यांसाठी असल्याने त्यांचा खर्च महापालिकेने सोसावा. कुत्र्यांच्या प्रदर्शनाला हे लागू नाही. हात वर झाले, विषय संपला. मागच्या बाकावर ताईने इतका मोठा सुस्कारा सोडला, की पुढच्या नगरसेवकाने वळून पाहिलं. मागच्या महिनाभराचं ओझं त्यात गेलं.

संध्याकाळी साहेब गाडी न्यायला आले. दार ताईने उघडलं. मध्ये आई नव्हती, मावशी नव्हत्या.

"बबड्या," ताई म्हणाली, "चहा टाकलाय. घेऊन जा."

साहेब एवढा गोड चहा कधी प्यायले नव्हते, आणि साखर तर नेहमीइतकीच होती. दोघं बराच वेळ काहीबाही बोलत बसले. गाडीचा रंग ताईला आवडला होता. आमच्या शुल्कातून घेतली असं ती एकदाही म्हणाली नाही. निघताना आईने किल्ली हातात ठेवली, ताईने भोपळ्यांची पिशवी.

खाली गाडीपाशी येऊन साहेबांनी दार उघडण्यासाठी किल्लीवरचं बटण शोधलं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड हातावर पडला होता. आईने काल दाबलेल्या हॉर्नच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. नीट, गोल, दोन हात दिलेला.

त्यांनी वर पाहिलं. खिडकीतला पडदा पटकन सरकला आणि त्यामागे कुणीतरी हसू दाबत होतं. एकटी नव्हती, दोघी होत्या.

साहेबांनी ठिपका नखाने खरवडून पाहिला. पक्का बसला होता. आजचा नव्हता, बाजाराच्या आधीचा. मग तो तसाच राहू देऊन त्यांनी भोपळे मागच्या सीटवर ठेवले, खाली रुमाल अंथरून.