ओळख दोन्हीकडून

आमच्या अप्पांनी एकदा खुद्द मालकांचा फोन कापला. मालक नव्या नंबरवरून बोलत होते. अप्पांनी विचारलं, आपल्या ऑफिसातला बंद पडलेला पंखा कोणता? मालकांना काय ठाऊक! मालक तणतणत कळंबच्या आमच्या ऑफिसात आले, तर अप्पा म्हणाले, "आता ओळखलं. बसा, चहा सांगतो." घाम मात्र मला फुटला.

अप्पा आमच्या धान्य खरेदीच्या ऑफिसातला सर्व्हर सांभाळतात. गावोगावच्या केंद्रांवरचे कॉम्प्युटर त्याला जोडायचे, तेही मधल्या कुणाला काही वाचता येऊ नये असे. आधी सर्व्हरनं आपलं सर्टिफिकेट, म्हणजे कॉम्प्युटरचं ओळखपत्र, दाखवायचं, मग केंद्रानं आपलं. "एकट्यानं ओळखून भागत न्हाय," हे त्यांचं पालुपद, "ओळख दोन्हीकडून पटली पायजे."

ऐन सोयाबीनच्या हंगामात तामलवाडीचं केंद्र जोडलं जाईना. सर्टिफिकेटवर नाव चुकलेलं. तिथं ट्रॅक्टरांची रांग लागलेली. मी म्हणाले, अप्पा, आजच्या दिवस तपासणी बंद ठेवा की. मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं त्यांनी बघितलं. नवं सर्टिफिकेट करूनच अप्पा जेवायला उठले. लई आडमुठा माणूस!

अन् हाच माणूस रोज डबा उघडला की एक फोन घ्यायचा. "व्हय आई, जेवतोय. गोळी घेतलीस का?" परवा मी सहज म्हणाले, आईंना एकदा ऑफिस दाखवा. अप्पा डब्यात बघत म्हणाले, "माझी आई मी रांगत होतो तवाच गेली."

मग हा फोन कुणाचा? तर तेरखेड्याच्या एका म्हातारीचा. तिच्या मुलाचा, शंकरचा जुना नंबर अप्पांच्या नव्या सिमला आलेला. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, शंकर, जेवलास का? अप्पांच्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

म्हणजे मालकांनाही न सोडणारे अप्पा रोज खोट्या नावानं बोलतात! मी हबकलेच. तोंडावर म्हणाले, अप्पा, ही फसवणूक झाली. त्यांनी डबा तसाच झाकला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. अप्पांनी फोन टेबलावर ठेवला अन् मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"आई, मी शंकर न्हाय."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली. "शंकरला म्या माझ्या हातानं माती दिली. पर तू फोन ठिवू नगंस."



"तुझं नाव काय रं, लेकरा?"

जगाला नाव-गाव विचारणाऱ्या अप्पांना स्वतःचं नाव काही सांगता येईना. ते नुसते हुंदके देत होते, अन् ती पलीकडून म्हणत होती, "सांग सावकाश. मी हाय."