सात नंबरची भुकटी

मुरुमजवळच्या चुनखडीच्या खाणीत हनीफ नमुने गोळा करायचा. यंत्रानं जमिनीत भोक पाडलं की वर येणारी दगडाची भुकटी पिशवीत भरायची आणि पिशवीवर भोकाचा नंबर घालायचा. तपासणीत ज्या नंबराला चुना जास्त निघेल, तिथं पुढची खोदाई. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं, तरी हनीफची नोकरी कच्चीच होती.

एकदा ओलसर पिशव्या त्यानं वाळवायला घरी आणल्या. लग्नासाठी त्याला बघायला एका मुलीचे वडील भूमहून येणार होते. कधी, ते कळवलं नव्हतं. त्याच्या आईनं, लालबीनं, सात नंबरच्या पिशवीतली भुकटी पाण्यात कालवून मातीच्या भिंतीला फासली.

"कसला चुना आणलास रे? हात लावला की निघतोय."

"अम्मा, त्यो चुना न्हाय, दगड हाय," म्हणत हनीफनं रिकामी पिशवी उचलली.

मग घाबरून त्यानं बाजारातल्या चुन्याची भुकटी पिशवीत भरली आणि तपासणीला पाठवून दिली.

निकाल आला. सात नंबरला जवळजवळ निव्वळ चुना. नवे इंजिनियर जैनोद्दीनसाहेब खूश झाले. चालू खड्डा सोडून सगळे मजूर सात नंबरवर लावायचा हुकूम निघाला.  शेवटी हनीफनं साहेबांना सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी विचारलं, "मग सात नंबरचा खरा दगड आहे कुठं?"

"आमच्या भिंतीवर, साहेब."

हनीफबरोबर दारात कोट-टोपीतला पाहुणा बघून, भूमचेच असणार म्हणून लालबीनं पदर सावरला. हनीफ काही सांगणार, तोच तिनं त्याला चहा सांगायला पिटाळलं.

"पोरगं लई इमानदार हाय, भाईसाब. खोटं म्हणून बोलायचं न्हाय."

"ते आजच कळलं," साहेब म्हणाले आणि चाकूनं भिंत खरवडू लागले.

"घर पक्कं हाय. खरवडून काय बघता?"

साहेबांनी भुकटी कागदावर घेतली, खिशातल्या बाटलीतून तेजाबाचा थेंब टाकला. फेस जेमतेम आला, म्हणजे दगडात चुना कमीच. उद्याची खोदाई थांबवायची, हे त्यांनी तिथंच ठरवलं. तेवढ्यात हनीफ चहा घेऊन आला.

लालबीला राहवेना. "मग? पसंत हाय का?"

साहेबांनी कागदाकडं पाहिलं, मग हनीफकडं.

"माल हलका आहे," ते म्हणाले, "पण पोरगं ठेवून घेतो."