आभाळी रंगाची ऑस्टिन

"जुनी गाडी दुरुस्त करायची नसते, तिला पुन्हा जन्म द्यायचा असतो," असं चंद्रभान मिस्त्रींनी जिंतूर रोडवरच्या आपल्या गॅरेजच्या दारात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला त्या वेळी त्यांची बायको केशरबाई आणि एक पंक्चर झालेली ट्रॉली एवढीच मंडळी हजर होती.

"जन्म द्या की, पण पहिले ह्या ट्रॉलीचं चाक बसवा," केशरबाई म्हणाल्या.

मिस्त्रींचं मन चाकात नव्हतं. आयुष्यभर ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणं पडून त्यांनी एकच स्वप्न पाहिलं होतं. एखादी गोल अंगाची, ऐटदार मोटार आपल्या हाताखालून जावी आणि रस्त्यात चार लोकांनी विचारावं, ही कुणी घडवली? ती आता आली होती. पेडगावच्या दिनकरराव वकिलांनी गोठ्यात कडब्याखाली वीस वर्षं झोपलेली आपली ऑस्टिन बैलजोडी लावून ओढत आणली होती. ह्याच गाडीतून त्यांची वरात निघाली होती. लग्नाला चाळीस वर्षं होतील त्या दिवशी नर्मदाबाईंना तिच्यातच बसवून घरी न्यायचं, असा त्यांचा बेत होता.

"हे काम फसलं तर जन्मभर ट्रॉल्याच," अशी शपथ मिस्त्रींनी घेतली. केशरबाईंनी ती नीट लक्षात ठेवली.

सहा महिने मिस्त्री तरंगतच होते. इंजिन उघडलं, मडगार्डची गोलाई डोळे मिटून तळहातानं जोखली, गंज आणि थरावर थर चढलेले जुने रंग खरवडून पत्रा चांदीसारखा केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की मूळ रंग कोणता होता हे पाहून ठेवायचं राहिलं.

"त्यात काय? आभाळी!" वकीलसाहेब म्हणाले. "वरातीचा रंग अजून डोळ्यापुढं हाय माझ्या."

मिस्त्रींनी आभाळी रंग कालवून पत्र्याचा एक तुकडा रंगवला. वकीलसाहेबांनी तो हातभर लांब धरला.

"ह्याला आभाळ म्हणायलाव? मातकट हाय."

मिस्त्रींनी निळा वाढवला.

"अजून मातकट. पावसाळ्यातलं दुधना नदीचं पाणी हाय हे."

आणखी वाढवला.

"साहेब, आता मोर लाजंल बगा."

"लाजू द्या. माझी नजर बिलकुल साफ हाय. घाला!"

नवव्या तुकड्याला वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. "हाच! हुबेहूब!" म्हणत त्यांनी, वकीलच ते, तुकड्याच्या मागं तारखेसकट सही केली.

मिस्त्रींनी गाडी रंगवली. पहिल्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीनं मान वळवून पाहिलं, आणि म्हैस सहसा कुणासाठी मान वळवत नाही. पण आठवडाभर त्या रंगाशेजारी बसल्यावर मिस्त्रींना खरं आभाळच जरा फिकं वाटू लागलं. फडकं फिरवता फिरवता ते त्या निळाईत पार बुडून जात.

अशाच एका दुपारी केशरबाई बातमी घेऊन आल्या.

"अवो, ऐकलं का? वकीलसाहेबाच्या डोळ्याचं आप्रेशन झालं म्हणं शिबिरात. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू होता. लय पिकलेला. डाक्टर म्हणला, हा माणूस इतकी वर्षं सगळं चहाच्या गाळणीतून बगायलता."

मिस्त्रींच्या हातातलं फडकं थांबलं. नऊच्या नऊ तुकडे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

ठरल्या दिवशी वकीलसाहेब आणि नर्मदाबाई रिक्षातून उतरले. वकीलसाहेबांच्या नाकावर बशीएवढ्या भिंगाचा चष्मा होता. गाडी दिसताच ते थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा रंग कुणी दिला?"

"तुमीच की, साहेब. सही हाय तुमची."

वकीलसाहेबांनी स्वतःची सही उलटसुलट तपासली. ती खरी निघाली.

"सही माझी. रंग माझा न्हाई," ते म्हणाले. "खरवडा सगळा."

केशरबाईंनी आतून ट्रॉलीचा जॅक आणून मिस्त्रींच्या पायाशी ठेवला.

"पण मूळ रंग कुठं आभाळी होता?" नर्मदाबाई म्हणाल्या. "गाडी काळी होती की हो. तव्यावानी काळी."

"काळी? आन् मग आभाळी काय होतं?"

"माझं लुगडं."

वकीलसाहेब आधी गाडीकडं, मग बायकोकडं बघत राहिले.

"वरातभर तुमी गाडीकडं बगितलंच कुठं?" नर्मदाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"पण लुगडं इतकं भडक होतं?"

"न्हाई. तुमचं बगणं होतं तसं."

वकीलसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला. "मिस्त्री, राहू द्या. हाच रंग राहू द्या."

मिस्त्रींचा ऊर भरून आला. ज्या क्षणासाठी ते जगले होते तो हाच, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी अदबीनं कमरेत वाकून दार उघडलं. नर्मदाबाईंनी एक पाय आत ठेवला, मग थांबून त्यांच्याकडं पाहिलं. बाईंचे डोळे ओले होते.

"मिस्त्री, एक मागू का?"

"मागा ना, बाई. काय पण मागा."

"ह्यातला डबाभर रंग उरला असंल तर द्या. आमच्या न्हाणीचं दार लय गंजलंय."